घरी बसवायचं, तर पगार देऊन

२ जून २०१३ ला अंकित चव्हाणचं मुंबईत लग्न झालं. नवरदेव जामिनावर होता. दिल्लीच्या न्यायालयाने लग्नापुरती मोजक्या दिवसांची सूट दिली होती. हळद उतरते न उतरते तोच तिहारला परत हजर व्हायचं होतं, आणि तो झालाही. त्याआधी अडीच आठवडे, १५ मेला, तो वानखेडेवर राजस्थान रॉयल्सकडून मुंबई इंडियन्सविरुद्ध खेळला होता. त्याच रात्री दिल्ली पोलिसांनी त्याला, श्रीसंतला आणि अजित चंडिलाला स्पॉट-फिक्सिंगच्या आरोपाखाली उचललं.

त्याच २ जूनला चेन्नईत क्रिकेट बोर्डाची बैठक भरली होती. अध्यक्ष एन. श्रीनिवासन यांचे जावई गुरुनाथ मय्यप्पन यांना सट्टेबाजीच्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी अटक केली होती आणि अध्यक्षांनी खुर्ची सोडावी अशी ओरड सुरू होती. बैठकीत ठरलं ते इतकंच की चौकशी होईपर्यंत अध्यक्ष ‘बाजूला होतील’. राजीनामा नाही की निलंबन नाही. रोजचा कारभार जगमोहन दालमियांकडे गेला. सप्टेंबरात श्रीसंत आणि चव्हाण यांच्यावर आजन्म बंदी घालायला जी तीन जणांची शिस्तपालन समिती बसली, तिच्यात श्रीनिवासन होते.

हे जुनं प्रकरण उकरून काढतोय, कारण खेळाडूवर गुन्हा दाखल झाला की आपल्याकडची चर्चा दर वेळी एकाच खड्ड्यात जाऊन पडते. एक बाजू म्हणते, कोर्ट दोषी ठरवत नाही तोवर माणूस निर्दोष, खेळू द्या त्याला. दुसरी म्हणते, असल्या माणसाच्या अंगावर देशाची जर्सी नको. भांडण सगळं बसवावं की बसवू नये यावर. माझ्या मते तो प्रश्न त्या मानाने सोपा आहे. गंभीर गुन्ह्याचं आरोपपत्र दाखल झालं असेल तर बसवावं. अवघड प्रश्न त्याच्या पुढचा आहे: त्या बसण्याची किंमत कुणी मोजायची?

आधी सोपा भाग उरकतो. कोर्टात दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे बंधन शिक्षा देणाऱ्या सरकारवर आहे. नोकरी देणाऱ्याला ते जसंच्या तसं लागू होत नाही, आणि हे मराठी माणसाला तरी समजावून सांगायची गरज नाही. लाच घेताना तलाठी पकडला गेल्याची बातमी आपण चहाबरोबर वाचतो, आणि तिच्या शेपटाला निलंबनाचा आदेश ठरलेला असतो. महाराष्ट्र नागरी सेवेच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांनुसार ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिलेला सरकारी नोकर निलंबित झाला असंच मानलं जातं. तो साहेबाचा लाडका आहे की नावडता, याला तिथे जागा नाही. मात्र निलंबन ही शिक्षा नव्हे, हेही सेवेच्या कायद्यात पक्कं आहे. म्हणून निर्वाह भत्ता मिळतो: सुरुवातीला साधारण निम्मा पगार, प्रकरण लांबलं आणि त्यात कर्मचाऱ्याचा दोष नसेल तर तीन चतुर्थांशापर्यंत. २०१५ साली अजयकुमार चौधरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की तीन महिन्यांत आरोपपत्र हातात दिलं नाही, तर निलंबन पुढे रेटता येणार नाही. तलाठ्याला आपण कितीही नावं ठेवू, पण त्याचं निलंबन कोणत्या नियमाने झालं, किती दिवसांनी त्याचा आढावा व्हायचा आणि तोवर चूल कशावर पेटायची, हे सगळं लिहिलेलं आहे.

एकाच माणसात हे दोन्ही कायदे पाहायचे असतील तर सुशीलकुमारकडे बघावं. दोन ऑलिंपिक पदकं मिळवलेला हा पैलवान उत्तर रेल्वेचा अधिकारीही होता. मे २०२१ मध्ये दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमवर मारहाणीत एका तरुण पैलवानाचा जीव गेला आणि २३ मेला सुशीलकुमारला अटक झाली. दोन-तीन दिवसांत रेल्वेने त्याला निलंबित केलं. त्यात कुणाला आश्चर्य वाटलं नाही, कुणी रेल्वेवर टीका केली नाही आणि कुणी तिची पाठही थोपटली नाही. नियम होता आणि तो लागला. चांगल्या नियमाची हीच खूण असते, तो लागताना आवाज होत नाही.

आता याच्या शेजारी बेन स्टोक्सचं प्रकरण ठेवा. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिस्टलमध्ये एका रात्री नाइट क्लबबाहेर मारामारी झाली. पोलिसांनी त्याला पकडून सोडलं, आरोप ठेवला नव्हता. तरी इंग्लंडच्या बोर्डाने ‘पुढील सूचनेपर्यंत’ निवडीचा विचार नाही असं जाहीर केलं आणि ऑस्ट्रेलियातली सगळी अ‍ॅशेस मालिका तो मुकला. जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक ठिकाणी मारामारी केल्याचा आरोप त्याच्यावर रीतसर ठेवला गेला, आणि दोनच दिवसांत बोर्डाने ठरवलं की तो आता खेळायला मोकळा आहे. म्हणजे आरोप नव्हता तेव्हा बाहेर, आरोप लागल्यावर आत! त्याच महिन्यात आयपीएलच्या लिलावात राजस्थान रॉयल्सने त्याच्यावर साडेबारा कोटींची बोली लावली. ऑगस्टमध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं आणि पुढच्याच कसोटीत तो भारताविरुद्ध नॉटिंगहॅमला उतरला. हे सगळं कुणी दुष्टपणाने केलं असं मला वाटत नाही. खटला कधी उभा राहील ते माहीत नाही, खेळाडू एक नंबरचा, पर्थ आणि सिडनीला धूळधाण झालेली. नियम नसला की निर्णय अशा कारणांवर होतात, आणि मग त्याला तत्त्वाचं नाव देतात.

आपल्या बोर्डाचं वागणं याहून वेगळं नाही. मार्च २०१८ मध्ये महंमद शमीच्या पत्नीने त्याच्यावर छळाचे आणि इतरही आरोप केले. त्याने ते सगळे नाकारले. बोर्डाने त्याचा वार्षिक करार रोखला. मग चौकशी कशाची केली? बोर्डाच्याच लाचलुचपत विरोधी पथकाने पैशाच्या देवघेवीचा तेवढा मुद्दा तपासला, त्यात काही सापडलं नाही, आणि पंधरवड्यात करार हातात पडला. पुढच्या वर्षी कोलकाता पोलिसांनी कौटुंबिक छळाच्या प्रकरणात आरोपपत्र दाखल केलं, तेव्हा मात्र तो खेळत राहिला. शमी दोषी आहे असं मी म्हणत नाही, ते माझं काम नाही. माझं म्हणणं बोर्डाबद्दल आहे. नुसत्या तक्रारीवर करार रोखायचा आणि आरोपपत्र आल्यावर गप्प राहायचं, ही उलटी गंगा आहे. सट्ट्याचा नुसता वास आला तरी बोर्डाला ठसका लागतो, त्यासाठी संहिता आहे, तात्पुरत्या निलंबनाची कलमं आहेत. बाईच्या तक्रारीसाठी मात्र ‘हा त्यांचा घरगुती मामला’ एवढीच संहिता.

या बाबतीत सगळ्यात विचारपूर्वक आखलेला नियम माझ्या पाहण्यात आहे तो ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगचा. आपल्याला ऑस्ट्रेलिया म्हटलं की क्रिकेट आठवतं, पण थंडीच्या दिवसांत सिडनीकर जीव टाकतात तो या लीगवर. २०१८-१९ च्या सुट्टीत तिथले एकामागून एक खेळाडू पोलिसांच्या नोंदवहीत जाऊ लागले, प्रायोजक बिथरले. फेब्रुवारी २०१९ च्या शेवटी लीगने नियम जाहीर केला: ज्या गुन्ह्याला ११ वर्षं किंवा त्याहून जास्त कैद होऊ शकते असा आरोप लागला, की खेळाडू आपोआप मैदानाबाहेर. त्याखालच्या गुन्ह्यांत, विशेषतः स्त्रिया आणि मुलं यांच्यावरच्या हिंसेत, मुख्य कार्यकारी अधिकारी ठरवेल. नियमाचं नाव साधारण असं: दोष न धरता बाजूला ठेवणं. नाव ठेवून ते थांबले नाहीत. खेळाडूने संघाबरोबर सराव करायचा, फक्त सामना खेळायचा नाही, आणि पगार पूर्ण.

या नियमाचा पहिला मोठा फटका बसला जॅक डी बेलिन याला. सेंट जॉर्ज इलावारा संघाचा हा खेळाडू, त्याच्यावर डिसेंबर २०१८ मध्ये बलात्काराचा आरोप ठेवला गेला होता. तो लीगविरुद्ध फेडरल कोर्टात गेला. माझ्या पोटावर पाय देताय, आणि नियम तर माझ्यावर आरोप लागल्यानंतर केलात, असं त्याचं म्हणणं. दुसरा मुद्दा मला आजही पटतो. न्यायमूर्ती मेलिसा पेरी यांनी मे २०१९ मध्ये त्याचा दावा फेटाळला. लीगच्या नावाचं आणि उत्पन्नाचं नुकसान खरं आहे आणि ते रोखायला एवढा नियम वाजवी आहे, असा निष्कर्ष दिला. मग खटला. कोविड आला, तारखा लांबल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये वोलोंगाँगला पहिला खटला चालला, ज्युरीचं एकमत झालं नाही. मे २०२१ मध्ये दुसऱ्या खटल्यात एका आरोपातून तो निर्दोष सुटला, बाकीच्यांवर पुन्हा एकमत नाही, आणि सरकारी पक्षाने उरलेले आरोप मागे घेतले. अडीच हंगाम गेले. त्याच्या खेळात माणूस बत्तिशीच्या आसपास उतरणीला लागतो, त्यात अडीच हंगाम म्हणजे काय ते तिथल्या कुणालाही विचारा.

तरी मी या नियमाच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण पगार.

बिनपगारी निलंबन संस्थेला फुकट पडतं. वर्तमानपत्रात मथळा आला, फोन वाजायला लागले, लगेच खेळाडूला काढून ठेवा. खर्च काहीच नाही, शिवाय आपण कडक असल्याचं दिसतं. पगार चालू ठेवायचा म्हटला की त्याच टेबलावर बसलेली माणसं दोनदा विचार करतात. आरोप किती गंभीर आहे, कागद काय म्हणतात, सराव करू देता येईल का, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं का. आपल्या खिशातून जायला लागलं की माणूस न्यायी होतो असं नाही, पण सावध नक्की होतो. आणि ‘ही शिक्षा नाही’ हे वाक्य दर महिन्याच्या एक तारखेला खरं करून दाखवावं लागतं.

याच्या उलट काय होतं ते मँचेस्टर सिटी या इंग्लिश फुटबॉल क्लबने दाखवलं. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांच्या बेंजामिन मेंडी या खेळाडूवर बलात्काराचे आरोप लागले, क्लबने निलंबित केलं आणि सप्टेंबरपासून पगार बंद केला. महिन्याला सुमारे पाच लाख पौंड. एवढे पैसे मिळवणाऱ्याबद्दल कुणाला कणव येणार, मलाही येत नाही. पण तत्त्व पाच लाखांना वेगळं आणि पाच हजारांना वेगळं असत नाही. वकिलांची फी भरायला त्याने संघातल्या सहकाऱ्यांकडून उसने घेतले. जानेवारी आणि जुलै २०२३ अशा दोन खटल्यांत तो सगळ्या आरोपांतून निर्दोष सुटला, तोवर करार संपला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये रोजगार न्यायाधिकरणाने निकाल दिला की अडवलेल्या रकमेतला बराचसा भाग क्लबने द्यायला हवा. जे पाच-एक महिने तो तुरुंगात होता तेवढ्यापुरता पगार कापायला हरकत नाही, बाकीच्या काळात तो काम करायला तयार होता. आपला निर्वाह भत्ता याच तर्कावर उभा आहे. मँचेस्टरला तो शोधायला वकिलांची फौज लागली, आपल्या तहसील कचेरीतला अव्वल कारकून तो तोंडपाठ सांगेल.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मी हलका मानत नाही. बलात्काराचा आरोप असलेल्याला घरबसल्या पूर्ण पगार, आणि जिने तक्रार केली तिचं काय? तिला कोण भत्ता देतं? तिचं नाव चव्हाट्यावर येतं, चाहते तिच्या अंगावर येतात, तिला गाव बदलावं लागतं. हे खरं आहे. पण आरोपीचा पगार कापल्याने तिच्या घरात काही येत नाही. तो मैदानाबाहेर राहण्याने मात्र येतं. टीव्हीवर त्याच्या नावाचा जयघोष चाललेला असताना साक्षीला उभं राहणं वेगळं आणि तो शांतपणे बाहेर बसलेला असताना उभं राहणं वेगळं. क्रिकेटपटू संदीप लामिछानेच्या प्रकरणात नेपाळने हे पाहिलं. सप्टेंबर २०२२ मध्ये बलात्काराच्या तक्रारीवरून त्याला निलंबित केलं, जानेवारीत जामीन मिळाला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये खटला चालू असतानाच मंडळाने निलंबन उठवून त्याला संघात घेतलं. सामना संपल्यावर स्कॉटलंडच्या खेळाडूंनी त्याच्याशी हात मिळवला नाही. मंडळाने जो निर्णय टाळला तो अकरा पाहुण्या पोरांनी मैदानावर घेतला. वर्षअखेरीस जिल्हा न्यायालयाने त्याला दोषी धरलं, आठ वर्षांची शिक्षा झाली, पुन्हा निलंबन. मे २०२४ मध्ये पाटणच्या उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं, पुन्हा संघात. या झोक्यावर आरोपीही बसला होता आणि तक्रारदारही. आरोप लागल्यापासून पहिल्या निकालापर्यंत एकच स्थिती ठेवली असती, तर दोघांचीही फरफट कमी झाली असती.

तक्रार जिथे संघाच्या आतलीच असते, म्हणजे फिजिओ, व्यवस्थापनातली मुलगी, सराव शिबिरातली कनिष्ठ खेळाडू, तिथे आरोपपत्राची वाटही बघू नये. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा चौकशी चालू असतानाच, तिने मागितलं तर, दोघांपैकी एकाची बदली करण्याची किंवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस करू देतो. खेळात ‘बदली’ म्हणजे त्याने शिबिरातून बाहेर जाणं. तिने नव्हे. जंतरमंतरवर २०२३ मध्ये बसलेल्या महिला कुस्तीपटूंना जे मागावं लागलं ते याहून फार वेगळं नव्हतं, फक्त समोर खेळाडू नव्हता, महासंघाचा अध्यक्ष होता. खेळाडूला बसवायला एक मथळा पुरतो, पदाधिकाऱ्याला बसवायला रस्त्यावर बसावं लागतं.

ऑस्ट्रेलियाचा नियम उचलून इथे चिकटवता येणार नाही, हेही सांगायला हवं. तिथे पोलिसांनी आरोप ठेवला की प्रकरण थेट कोर्टापुढे जातं. आपल्याकडे पायऱ्या जास्त. एफआयआर म्हणजे तक्रार लिहून घेतली, एवढंच. अटकेला तर काय, ती कधी पुराव्यासाठी होते आणि कधी कॅमेऱ्यासाठी. त्यानंतर आरोपपत्र, त्यानंतर न्यायाधीशापुढे आरोपनिश्चिती, आणि मग साक्षी. सुशीलकुमारच्या प्रकरणात अटकेपासून आरोपनिश्चितीपर्यंत सतरा महिने गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा जामीन रद्द केला तेव्हाही खटला चालूच होता. म्हणून उंबरठा आरोपपत्राचा असावा. एफआयआरला बसवलं तर कुठल्याही ठाण्यातला हवालदार भारताचा संघ निवडेल, आणि आरोपनिश्चितीची वाट पाहिली तर खेळाडू निवृत्त होईल. दर सहा महिन्यांनी निवड समितीबाहेरच्या एखाद्या निवृत्त न्यायाधीशाने कागद बघावेत, आणि बोर्डाने त्याची कारणं छापावीत. आणि नियम आधी लिहावा, एखाद्याचं नाव समोर यायच्या आधी. डी बेलिनचा तो मुद्दा रास्त होता.

‘पण फिक्सिंग केलेल्यांनाही पगार द्यायचा का?’ असं कुणी विचारेल. शिस्तभंगाची चौकशी वेगळी आणि फौजदारी खटला वेगळा. खातेनिहाय चौकशीत दोषी ठरलेला कर्मचारी कोर्टातून सुटला म्हणून आपोआप कामावर परत येत नाही, तसंच इथे. दिल्लीच्या न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये श्रीसंत, चव्हाण आणि चंडिलासह ३६ जणांना दोषमुक्त केलं. त्यांच्यावर लावला होता तो मकोका, महाराष्ट्राने १९९९ मध्ये संघटित टोळ्यांसाठी केलेला कायदा, तिथे टिकला नाही. पोलीस वरच्या न्यायालयात गेले. बोर्डाने बंदी उठवली नाही, आणि मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की बोर्डाचा निष्कर्ष वेगळा उभा राहू शकतो, फक्त आजन्म ही शिक्षा पुन्हा तपासा. मला यात चूक दिसत नाही. चूक दिसते ती हिशेबात. २०१३ च्या मेमध्ये चौकशीविना निलंबन, सप्टेंबरात आजन्म बंदी, आणि ती जास्त आहे हे ठरायला सहा वर्षं. ती वर्षं कुणाच्याच खात्यात टाकलेली नाहीत.

जून २०२१ मध्ये दोन माणसं खेळात परतली. ऑस्ट्रेलियात डी बेलिन पुन्हा सेंट जॉर्जच्या लाल-पांढऱ्या जर्सीत उतरला. अडीच वर्षं सराव झालेला, बँकेत पगार जमा झालेला, अंगावर तीस वर्षं. त्याच महिन्यात मुंबईत अंकित चव्हाणला बोर्डाचं पत्र आलं की तुमची बंदी सात वर्षांची केली आहे आणि ती संपली आहे. संपली होती ती सप्टेंबर २०२० मध्येच. पत्र यायला आणखी नऊ महिने लागले. पकडला गेला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा डावखुरा फिरकी गोलंदाज होता, पत्र हातात पडलं तेव्हा पस्तिशीचा.